‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार: आधुनिक युद्ध आणि सैनिकाची व्यावसायिक नीती

निळीशाई

बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय, म्हणून धागा काढते. वाचून मोकळेपणाने लिहा. सैन्यात काम केलेल्यांनी तर जरूर लिहा.

३ जुलै १९८८. पर्शियन आखातात ‘विन्सेन्स’ ही अमेरिकी क्रूझर (मोठी युद्धनौका) इराणी वेगवान बोटींशी लढत होती. त्याच वेळी इराण एअरचं ६५५ क्रमांकाचं विमान बंदर अब्बासहून दुबईकडे निघालं. ते नेहमीच्या हवाईमार्गावर होतं आणि सतत वर चढत होतं. जहाजाच्या नियंत्रण कक्षात मात्र ते ‘खाली येतंय’ असं बोललं जात होतं. उड्डाणानंतर साधारण ७ मिनिटांनी क्षेपणास्त्रं सुटली आणि २९० माणसं गेली. त्यात ६६ मुलं होती.

चौकशीत जे बाहेर आलं ते मला झोपू देत नाही. जहाजावर एजिस ही रडार आणि क्षेपणास्त्रं सांभाळणारी संगणकीय यंत्रणा होती, त्या काळातली सगळ्यात पुढारलेली. नंतर तिच्या टेप तपासल्या तेव्हा नोंद बिनचूक निघाली: विमान चढतंय. म्हणजे यंत्र बरोबर होतं. एका माणसाने नागरी विमानांचं वेळापत्रकही चाळलं होतं. पण कक्षात अंधार, आपल्याच तोफांच्या दणक्याने लुकलुकणारे दिवे, त्यात आखातातल्या वेगवेगळ्या प्रमाणवेळांचा घोळ आणि अर्धा तास उशिरा सुटलेलं विमान. त्याला ते सापडलं नाही. आणखी एकाने ‘हे प्रवासी विमान असू शकतं’ असं बोलूनही दाखवलं. कप्तानाने हात वर करून ऐकल्याची खूण केली आणि काम पुढे चालू राहिलं.

शंका मनात आली, तोंडातून बाहेर पडली, वरिष्ठाच्या कानावरही गेली. तरी काहीही थांबलं नाही. कारण ‘अशी शंका आली की अमुक करायचं’ असं त्या क्षणासाठी काही ठरलेलंच नव्हतं.

आपल्याकडे रणनीतीवरची चर्चा हल्ला, बचाव, रसद, तंत्रज्ञान यांवर होते. नीतीची चर्चा वेगळी होते आणि ती बहुतेक वेळा प्रवचनाच्या सुरात होते. मला हे दोन कप्पे मान्य नाहीत. सैनिकाने चांगलं असावं एवढ्याने भागत नाही. कुणी, कधी, कोणत्या शब्दाने थांबवायचं आणि थांबवल्यावर काय करायचं, हे युद्धपद्धतीतच लिहिलेलं असलं पाहिजे. नाहीतर चांगला माणूससुद्धा नुसता बोलून गप्प बसतो.

रोखठोक

धागा चांगला आहे, पण दुसरी बाजू मांडतो.

विन्सेन्सची गोष्ट त्याच्या १४ महिने आधीपासून सांगायला हवी. १७ मे १९८७ ला त्याच आखातात ‘स्टार्क’ ही अमेरिकी फ्रिगेट (लहान युद्धनौका) होती. एक इराकी विमान जवळ येत राहिलं आणि त्याने दोन एक्झोसेट क्षेपणास्त्रं डागली. स्टार्कवरून एक गोळी सुटली नाही. ३७ नौसैनिक मेले. कप्तानाला पदावरून काढलं. विन्सेन्सच्या कक्षात बसलेल्या प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे स्टार्क असणारच. तुमच्या मागे ३००-४०० माणसं आहेत, समोरून काहीतरी येतंय आणि हातात ३ मिनिटं आहेत. अशा वेळी ‘थांबा’ हा शब्द फार महाग पडतो.

दुसरं म्हणजे समोरचा नियम पाळत नसेल तर? शाळेच्या गच्चीवर मशीनगन लावणाऱ्याशी लढताना आपण वह्या-पुस्तकं काढून बसायचं का? अफगाणिस्तानात जुलै २००९ मध्ये तिथल्या अमेरिकी व नाटो फौजांचे प्रमुख जनरल मॅकक्रिस्टल यांनी हवाई माऱ्यावर कडक बंधनं घातली. नागरिक मरू नयेत हा हेतू रास्त होता. पण खाली गोळ्या झेलणाऱ्या जवानांची भावना ‘आमचे हात बांधले’ अशीच होती. त्या भावनेची किंमत कोण मोजतो?

निळीशाई

स्टार्क आणलंत ते बरं केलंत, मीच आणायला हवं होतं. पण स्टार्कवर कुणी शंकेपोटी हात आखडला असं झालं नाही. तिथे येणारी क्षेपणास्त्रं वेळेत कळलीच नाहीत. शेवटच्या क्षणी बचाव करणारी फॅलेंक्स तोफ सज्ज ठेवलेली नव्हती. कप्तान नियंत्रण कक्षात नव्हता. याला गाफीलपणा म्हणतात. थांबणं आणि गाफील राहणं एकाच पारड्यात टाकलं की पुढचा प्रत्येकजण गाफील ठरायच्या भीतीने आधी गोळी झाडतो. विन्सेन्सवर मला वाटतं नेमकं तेच झालं.

तिथून फार लांब नसलेल्या ‘साइड्स’ या दुसऱ्या अमेरिकी जहाजाच्या कप्तानाने तेच विमान पडद्यावर पाहिलं होतं आणि धोका नाही असं ठरवलं होतं. आखात तेच, दिवस तोच, मागे स्टार्कची आठवणही तीच.

मॅकक्रिस्टल यांच्या मुद्द्यावर माझ्याकडे तयार उत्तर नाही. जवानाची ती भावना खरी आहे.

लॉजिकगेट

मी सॉफ्टवेअरवाला. सैन्यातला अनुभव शून्य, पण यंत्र आणि माणूस यांच्यामधली फट हा रोजचा विषय आहे.

‘निर्णयसाखळीत माणूस ठेवा म्हणजे झालं’ असं बोललं जातं. अमेरिकी संरक्षण खात्याच्या स्वयंचलित शस्त्रांवरच्या निर्देशात (२०१२ चा, २०२३ मध्ये सुधारलेला) बळाच्या वापरावर माणसाचा ‘योग्य तितका’ निर्णय असावा अशा अर्थाची भाषा आहे. योग्य तितका म्हणजे किती? सगळी मेख तिथे आहे.

२००३ च्या इराक युद्धातली पेट्रियट ही अमेरिकी हवाई संरक्षण क्षेपणास्त्र यंत्रणा पाहा. २३ मार्चला तिने ब्रिटिश टॉर्नेडो विमान पाडलं, विमानातले दोघेही ठार. यंत्रणेने त्या विमानाला रडारवर येऊन आदळणारं क्षेपणास्त्र ठरवलं होतं. विमानाची ‘मी मित्र आहे’ सांगणारी खूणही तिच्यापर्यंत पोचली नाही. माणूस साखळीत होता, बटण त्यानेच दाबलं. त्याच्या हातात साधारण एक मिनिट होता आणि पडद्यावर यंत्राचं ठाम उत्तर होतं. १० दिवसांनी, २ एप्रिलला, पुन्हा पेट्रियटनेच अमेरिकी नौदलाचं एफ-१८ पाडलं.

अशा वेळी माणूस नुसता शिक्का मारणारा होतो. यंत्र एक उत्तर देतं, ते खोडायला लागणारी माहिती मात्र समोर ठेवत नाही. ‘मला ७० टक्के वाटतंय आणि उरलेल्या ३० चं कारण हे आहे’ असं पडद्याने सांगितलं तर माणसाला डोकं चालवायला जागा मिळेल. विन्सेन्सवर उंचीचा आकडा दिसत होता, पण तो वाढतोय की घटतोय हे एका नजरेत कळत नव्हतं. मागचा आकडा लक्षात ठेवून मनातल्या मनात वजाबाकी करायची होती. धुमश्चक्रीत कोण करणार?

म्हणून निळीशाई ताईंच्या मुद्द्यात भर: थांबण्याची जागा युद्धपद्धतीत लिहिली आणि यंत्राच्या आराखड्यात ठेवलीच नाही, तर लिहिलेलं कागदावर राहतं.

कायदेकानू

कायद्यात ही जागा आधीपासून आहे, पण तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

युद्धाचे नियम सांगणाऱ्या जिनिव्हा करारांचा १९७७ चा पहिला जोडकरार, कलम ५७. हल्ल्याआधी घ्यायची काळजी त्यात सांगितली आहे, पण तिथेच आणखी एक वाक्य आहे. लक्ष्य लष्करी नाही, किंवा त्याला विशेष संरक्षण आहे, किंवा होणारी नागरी हानी अपेक्षित लष्करी फायद्याच्या मानाने बेसुमार ठरेल, असं दिसून आलं तर हल्ला रद्द करावा किंवा थांबवावा. म्हणजे सुरू झालेला हल्लासुद्धा. कलम ५० म्हणतं की माणूस सैनिक की नागरिक अशी शंका असेल तर नागरिकच धरा. सगळ्या देशांनी हा जोडकरार स्वीकारलेला नाही. अमेरिकेने सही करून मंजुरी दिली नाही, भारतही त्यात नाही. तरी यातला बराचसा भाग रूढ कायदा म्हणून सगळ्यांनाच लागू मानला जातो.

रोखठोक, गच्चीवर मशीनगन लावली की त्या शाळेचं संरक्षण तेवढ्यापुरतं जातं, कायदा तिथे तुमचे हात बांधत नाही. पण आत मुलं असतील तर त्यांचा हिशेब करावाच लागतो. समोरच्याने नियम मोडले म्हणून आपली जबाबदारी संपत नाही.

आता हुकमाबद्दल. ‘मला वरून आदेश होता’ हा बचाव न्यूरेंबर्गच्या नाझींवरच्या खटल्यांनंतर पुरत नाही हे सगळ्यांना माहीत असतं. पण बेकायदा हुकूम ओळखायचा कसा? १९५६ मध्ये कफर कासिम गावात संचारबंदीची खबर नसलेले, कामावरून घरी परतणारे अरब गावकरी इस्रायली सीमा पोलिसांनी हुकमाप्रमाणे मारले. त्या खटल्यात न्यायाधीश हलेवी यांनी कसोटी दिली: उघड बेकायदा हुकमावर काळं निशाण फडकत असतं, तो पाळायचा नसतो. तोच हुकूम आजूबाजूच्या इतर गावांतल्या तुकड्यांनाही होता आणि तिथल्या अधिकाऱ्यांनी गोळ्या घातल्या नाहीत.

मर्यादाही इथेच आहे. काळ्या निशाणाची कसोटी उघड गुन्ह्याला लागते. विन्सेन्सवर कुठलंच निशाण फडकत नव्हतं. आजच्या बहुतेक शोकांतिका त्या करड्या पट्ट्यातल्या आहेत आणि तिथे कायदा एकटा पुरत नाही.

सांजपाऊस

उघड गुन्ह्याच्या वेळीसुद्धा थांबवणाऱ्याचं काय होतं ते सांगते, कारण ते या चर्चेतून सुटू नये.

१६ मार्च १९६८, व्हिएतनाम, माय लाय गाव. अमेरिकी सैनिक तिथल्या गावकऱ्यांची कत्तल करत होते. अमेरिकी वैमानिक ह्यू थॉम्पसन आणि त्याचे दोन साथीदार, ग्लेन अँड्रिओटा व लॉरेन्स कोलबर्न, टेहळणीच्या छोट्या हेलिकॉप्टरमधून खाली पाहत होते. आधी त्यांना वाटलं, तोफांच्या माऱ्यात गावकरी सापडले असतील. मग जखमी म्हणून खूण करून ठेवलेली माणसं पुढच्या फेरीत मेलेली दिसू लागली. थॉम्पसनने हेलिकॉप्टर आपलेच सैनिक आणि पळणारे गावकरी यांच्या मधोमध उतरवलं. साथीदारांना सांगितलं की आपल्या लोकांनी या गावकऱ्यांवर गोळ्या झाडल्या तर तुम्ही त्यांच्यावर झाडा. मग रेडिओवरून दुसरी मोठी हेलिकॉप्टरं बोलावून त्या माणसांना बाहेर काढलं. निघताना प्रेतांनी भरलेल्या खंदकात अँड्रिओटाला काहीतरी हललेलं दिसलं. तो आत उतरला आणि एका जिवंत मुलाला घेऊन वर आला.

थॉम्पसनने तळावर येऊन तक्रार केली आणि त्यानंतर ती कत्तल थांबवण्याचा आदेश गेला. एका वैमानिकाच्या आरडाओरड्याने.

अँड्रिओटा तीन आठवड्यांनी लढाईत गेला. थॉम्पसनला देशात परतल्यावर धमक्या आल्या, संसदेच्या समितीपुढे तोच आरोपी असल्यासारखी वागणूक मिळाली. पदक मिळालं १९९८ मध्ये, ३० वर्षांनी. कत्तलीबद्दल दोषी ठरला एकच अधिकारी, त्यालाही साडेतीन वर्षांच्या आसपास स्थानबद्धता, तीही बहुतेक घरातच.

‘नाही’ म्हणणाऱ्याला ३० वर्षं वाळीत टाकायचं आणि पुढच्या पिढीला वर्गात नीती शिकवायची, याने काही साधत नाही. जवान वर्गापेक्षा आपल्या आधीच्या माणसाचं काय झालं ते बघतो.

मोडीप्रेमी

आधुनिक युद्धाचा धागा आहे, तरी एक जुना कागद आणतो, कारण तो नीती आणि रणनीती वेगळी ठेवत नाही.

शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं पत्र अनेकांनी वाचलं असेल. कुणब्याच्या घरचं धान्य, गवत, लाकूड, भाजी जबरदस्तीने आणू नका, नाहीतर रयतेला वाटेल की यांच्यापेक्षा मोगल बरे, असा त्याचा भाव आहे. लोक एवढंच सांगतात. पण पत्राचा मोठा भाग वैरणीचा आहे. आत्ताच मनमानी करून दाणागोटा संपवलात तर पावसाळ्यात मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, म्हणजे ती तुम्हीच मारल्यासारखं होईल आणि मग तुम्ही रयतेला छळाल. पुढे तर रात्री दिवे जळत ठेवू नका, उंदीर पेटती वात घेऊन जाईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, इथपर्यंत लिहिलंय.

उंदरापासून रयतेपर्यंत एकच साखळी धरली आहे. सैनिक रयतेला छळेल तो वाईट आहे म्हणून नव्हे, तर वैरण संपली म्हणून छळेल, हे ओळखून आधी वैरणीचा बंदोबस्त. मला हे नुसत्या उपदेशापेक्षा फार पुढचं वाटतं.

निळीशाई

मोडीप्रेमी, उंदराची वात मी विसरले होते. आभार. माझं सगळं म्हणणं एका वातीत आलं.

तोफवाला

नमस्कार. तोफखान्यात २१ वर्षं काढली, आता निवृत्त. टायपिंग हळू आहे म्हणून उशीर झाला.

ताई, तुम्ही शोधताय ती जागा आमच्याकडे आहे. गन पोझिशनवर, म्हणजे तोफा लावलेल्या जागी, धोका दिसला तर कुणीही ‘स्टॉप’ ओरडू शकतो. कुणीही म्हणजे कालच भरती झालेला पोरगासुद्धा. तो शब्द कानावर पडला की सगळं जागच्या जागी. कोण ओरडला, त्याचा हुद्दा काय, हे नंतर. आधी तोफेवरचा हात काढायचा.

माझ्या सुरुवातीच्या दिवसांत एका सराव फायरला सहा तोफा लावलेल्या. सगळ्यांच्या नळ्या एकमेकींना समांतर दिसायला हव्यात. दारूगोळा वाहणाऱ्या एका पोराला चौथ्या तोफेची नळी जरा वेगळी वाटली. त्याला साइटमधलं काही कळत नव्हतं, नुसतं डोळ्याला खटकलं. तो ओरडला. तपासलं तर डायल साइटवर (नेम धरायच्या उपकरणावर) १०० मिल्सची चूक. मिल हे कोन मोजायचं माप. पूर्ण वर्तुळ ६४०० मिल्सचं असतं, त्यामुळे १०० म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण १० किलोमीटरवर तो गोळा जवळजवळ १ किलोमीटर बाजूला पडला असता. उस्तादांनी त्या पोराला पुढे बोलावलं आणि सगळ्यांना सांगितलं, ‘याचं चुकलं असतं तरी मी याला पुढेच उभा केला असता.’

हा नियम आमच्यात इतका मुरलाय की त्याला कुणी नीती म्हणत नाही, सुरक्षा म्हणतात. पण तो बनला आपली माणसं वाचवायला. पलीकडे जिथे गोळा पडणार तिथल्या लोकांसाठी तोच शब्द, तोच हक्क, हे मी कुठल्या वर्गात शिकल्याचं आठवत नाही. या धाग्याने ते पहिल्यांदा खटकलं.

रोखठोक

तोफवाला साहेब, मनापासून सलाम. तरी विचारतो. सरावात ठीक आहे, वेळ असतो. खऱ्या लढाईत पुढची पलटण गोळ्यांखाली अडकली आहे, फायर मागतेय आणि मागे कुणी पोरगा ओरडतो ‘तिथे घरं असतील’. तुम्ही थांबलात आणि पुढचे मेले तर? शिवाय प्रत्येकाला हा हक्क दिला तर शिस्त कुठे राहते? हुकमावर चर्चा सुरू झाली की सैन्य संपलं.

तोफवाला

प्रश्न बरोबर आहे. पुढे अडकलेली पलटण मी कानांनी ऐकली आहे. रेडिओवर तो आवाज आला की हात आपोआप भरभर चालतात. उगीच थांबवणाऱ्याला मीच झापलं असतं.

पण ‘स्टॉप’ म्हणजे हुकूम नाकारणं नाही आणि चर्चाही नाही. ठरलेल्या दोन-तीन गोष्टी पुन्हा तपासायच्या: ग्रिड (नकाशावरच्या जागेचे आकडे) वाचून दाखव, ओपीला (पुढच्या निरीक्षण चौकीला) विचार काय दिसतंय, आपलं आणि दुसऱ्याचं कुणी तिथे आहे का. हातखंडा असेल तर काही सेकंदांचं काम. शिस्त नसलेल्या तुकडीला हे जमत नाही. तिथे एक ओरडला की दहा बोलतात.

आणि मागचा पोरगा ‘घरं असतील’ असं हवेत ओरडत नाही. त्याला हुकमाचा हेतू सांगितला असेल तरच त्याला विसंगती दिसते. ‘पुलापलीकडची मशीनगन बंद करायची आहे’ हे त्याला माहीत असेल आणि ग्रिड पुलाच्या अलीकडचा आला तर तो बोलेल. नुसते आकडे दिले तर तो नुसते आकडे भरेल. जर्मन लोकांच्या ज्या पद्धतीचं सगळीकडे कौतुक होतं, की वरिष्ठाने काय साधायचं ते सांगावं आणि कसं ते खालच्यावर सोडावं, तिचा हा उपयोग क्वचितच बोलला जातो. हेतू माहीत असलेला माणूस जोमाने पुढेही जातो आणि योग्य जागी थांबतोही.

कायदेकानू

याला जोडून कुंदूझ. ३ ऑक्टोबर २०१५, अफगाणिस्तान. अमेरिकी एसी-१३० या तोफा बसवलेल्या विमानाला एक इमारत मारायची होती. विमानात दिलेले अक्षांश-रेखांश टाकले तर ते मोकळ्या शेताकडे बोट दाखवत होते. विसंगती समोर आली होती. मग वर्णनाशी जुळणारी मोठी इमारत डोळ्यांनी शोधली गेली. ती ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संघटनेचं रुग्णालय होती. खरं लक्ष्य काही शे मीटरवर. रुग्णालयाचा ठावठिकाणा आधीच कळवलेला होता, पण विमान घाईत निघाल्याने ‘इथे मारू नका’ ही यादी त्यांच्यापाशी नव्हती. ४२ जण मेले, काही रुग्ण खाटांवरच. मारा सुरू झाल्यावर रुग्णालयातून फोन गेले, तरी तो चौकशीनुसार साधारण अर्धा तास चालला. १६ जणांवर शिस्तीची कारवाई झाली, फौजदारी खटला नाही.

आकडे शेत दाखवत होते, तेव्हाच तुमचा ‘स्टॉप’ हवा होता.

लॉजिकगेट

आणि फोन उचलणाऱ्याच्या हातातसुद्धा. त्याच्यापासून वैमानिकापर्यंत किती टप्पे होते ते मोजलं पाहिजे. ‘फायर’चा मार्ग छोटा करण्यावर वर्षानुवर्षं अमाप पैसा खर्च होतो. ‘थांबा’चा मार्ग तितकाच छोटा हवा, ही मागणी मला आज नीट कळली.

रोखठोक

यावर माझा विरोध नाही. मार्ग छोटा हवा, मान्य. जवानाचे हात बांधणं आणि त्याला थांबवता येणं यांत मी फरक करत नव्हतो.

साहेब, एक शेवटचं. तुम्ही स्वतः कधी ओरडलात का?

तोफवाला

एकदाच. सराव नव्हता, याहून जास्त सांगत नाही. ग्रिड ऐकला आणि नकाशावर त्या जागी मला पायवाट दिसली. हुकमात सांगितलेल्या जागेशी ते जुळेना. घसा कोरडा पडला होता, पण ओरडलो. तोफा थांबल्या. माझ्या अधिकाऱ्याने वेळ लिहिली, ओपीला विचारलं. ग्रिड बरोबर होता, माझाच नकाशा जुना होता. वाट केव्हाच मोडली होती, तिथे कुणी नव्हतं.

अधिकारी माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, ‘चार मिनिटं. चालेल.’ मग तोच हुकूम पुन्हा आला आणि आम्ही फायर केलं.